आबा आणि रोह्याची शर्यत

दुपारची वेळ होती. रोह्याजवळ वरसेला माझ्या घरी नुकताच कुकर उतरवला होता आणि फोन वाजला. यमूबायचा होता. यमूबाय म्हणजे यमुना, माझी थोरली बहीण, पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावात आबाजवळ, म्हणजे आमच्या बापाजवळ राहणारी. तिनं काही प्रस्तावना केली नाही. "आबा गेला," ती म्हणाली. "जेवून घे, मग निघ. हितं आल्यावर तुला कोन जेवाया घालनार?" आणि फोन ठेवला. मी जेवले. भात आणि बोंबलाचं कालवण. आपल्याला रडू कसं येत नाही याचा विचार करत मी ताट स्वच्छ केलं, मग रोह्याहून एस.टी.नं पेण आणि पेणहून रिक्षानं गाव. आबाला पडवीत खाली घेतलं होतं. नव्वदीला टेकलेला माणूस, आयुष्यभर खारं वारं आणि ऊन खाल्लेला, शेवटी इतका वाळला होता की चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. पायांचे अंगठे सुतळीनं बांधलेले. यमूबाय भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवून ये म्हटलं व्हतं. भांडी घासून ये नव्हं."

मी इथं 'आबा गेला' असं लिहिते आहे, 'गेले' लिहीत नाही, हे वाचणाऱ्यांना खटकेल. गेलेल्या माणसाला वर्तमानपत्रातून आदरार्थी बहुवचन द्यायची पद्धत आहे. पण आम्ही दोघी त्याला जन्मभर अरे-तुरेच करत आलो. आता त्याला 'ते' म्हणायला लागले तर तो तिरडीवरून मान वळवून बघायचा की ही कुणाबद्दल बोलते आहे... शिवाय आदराचं काम दुसऱ्यांनी केलंच आहे. गावच्या मंडळानं तिसऱ्याच दिवशी नाक्यावर फ्लेक्स लावला. त्यावर आबाचा फेटा घातलेला फोटो, जो फेटा त्यानं कधी घातला नाही, कुणीतरी कॉम्प्युटरवर घातला, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'कन्याशिक्षणाचे कैवारी'. मुलीला मास्तरीण केलं म्हणून. मुलगी म्हणजे मी. यमूबाय त्याच्या दुसऱ्या दिवशी दूध आणायला नाक्यावर गेली तेव्हा त्या फ्लेक्सखाली उभं राहून तिनं तो सगळा वाचला. तिला वाचता येतं, सातवीपर्यंत शाळा झाली आहे तिची. आठवीचं काय झालं ते सांगण्यासाठीच हा लेख.

आबा मिठागरावर मुकादम होता. म्हणजे मालक नव्हे, पण मालकापेक्षा मोठ्यानं ओरडणारा. भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते वाफ्यावाफ्यांतून फिरवत सुकवायचं, तळाशी मीठ धरलं की ते ओढून बांधाला लावायचं आणि टोपल्यांनी वाहून राशीवर टाकायचं, एवढंच ते काम. एवढंच म्हणायला. करणाऱ्यांचे पाय चैत्रापर्यंत फुटून निघायचे. जखमेवर मीठ हा आमच्याकडे वाक्प्रचार नव्हता, सकाळची हजेरी होती. आमची आई मी रांगत असताना वारली. आबानं दुसरं लग्न केलं नाही, आणि हे त्याचं मोठेपण म्हणून आजही सांगतात. दुसरं लग्न न करता त्याला चूल पेटलेली मिळत होती, कारण यमूबाय सात-आठ वर्षांची झाली होती. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. मी चुलीपाशी बसून पाढे म्हणायचे आणि ती भाकऱ्या भाजत माझे चुकलेले पाढे दुरुस्त करायची.

ती पळायची मात्र लहानपणापासून. गाव ते शाळा रस्ता लांब होता आणि घरचं सगळं आवरून निघायचं म्हणजे तिला चालत जाणं परवडतच नसे. पेणच्या शाळेत खेळाचे एक सर होते, त्यांनी तिला एकदा प्रार्थनेच्या घंटेवर फाटकातून आत घुसताना पाहिलं. तिला मैदानावर नेऊन मोठ्या मुलींबरोबर पळवलं, मग मुलांबरोबर पळवलं, आणि संध्याकाळी सायकल हाणत थेट आमच्या गावी आले. मी ओट्यावर होते, मला सगळं आठवतं. सर म्हणाले की माघात रोह्याला जिल्ह्याच्या शालेय शर्यती आहेत, शंभर मीटरला मी हिचं नाव घालतो. जी मुलगी पहिली येईल तिला मुलींच्या वसतिगृहात घेतील. राहणं, जेवण, शाळा मॅट्रिकपर्यंत, वर पळण्याचं शिक्षण. तेव्हा आमचा कुलाबा जिल्हा होता आणि मॅट्रिक झालेली बाई म्हणजे नर्स किंवा मास्तरीण, तिला कुणी टोपली उचल म्हणू शकत नसे. यमूबाय दाराच्या आडून ऐकत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आबानं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि सरांना सांगितलं की पोरगी या हंगामात कामावर यायची आहे, तिचं वय झालं. सर बरंच बोलले. शेवटी आबा उठला आणि यमूबायला बाहेर बोलावून सरांच्या समोर म्हणाला, "पयली आलीस तं शाळा. नाय तं टोपली. सरांच्या म्होरं बोली झाली." यमूबायनं मान हलवली. बोली ही आमच्याकडे देवाच्या शपथेपेक्षा मोठी. मिठाचे सौदे नुसत्या बोलीवर व्हायचे आणि मोडणाऱ्याच्या दारात कुणी पाणी पीत नसे. सर खूश होऊन गेले. मीही खूश झाले. वाटलं, आबा किती चांगला आहे.

दुसऱ्या दिवशीपासून तयारी सुरू झाली आणि ती सगळी आबानं आपल्या हातात घेतली. सरांनी सांगितलं होतं की हिला रोज शाळेच्या मैदानावर अर्धा तास द्या, मी पळवतो. आबा म्हणाला, मास्तरला काय कळतंय पळण्यातलं, मास्तर सायकलवर फिरतो. त्यानं जन्मात एक शर्यत पाहिली नव्हती. पण वाफ्यापासून राशीपर्यंत टोपल्या धावत्या ठेवणं हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं, आणि त्याच्या मते माणसानं दुसऱ्या कुठल्या कारणासाठी पळावं असं जगात काही नव्हतंच. लांबच्या वाफ्यापासून राशीपर्यंतचं अंतर त्यानं डोळ्यांनी जोखलं, सरांच्या शंभर मीटरशी जुळवलं, आणि यमूबायला बांधावर उभं केलं. बांध दीड वितीचा. एका बाजूला वाफा, दुसऱ्या बाजूला चिखल. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली. आधी रिकामी, मग अर्धी, मग शिगोशीग. मीठ वाहणाऱ्या बाईची मान हलत नाही, नजर खाली जात नाही, सगळा जोर कमरेखाली, हे त्याला ठाऊक होतं आणि त्यात चूक काहीच नव्हतं. आज टीव्हीवर पळणाऱ्या मुली बघते तेव्हा त्यांच्याही माना तशाच ताठ असतात. आबा राशीपाशी उभा राहायचा. यमूबाय निघाली की तो तंबाखू मळायला घ्यायचा. ती मळून व्हायच्या आत पोर राशीला पोचली पाहिजे. नाही पोचली तर परत, पुन्हा.

टोपली पडली तर मार. मीठ चिखलात गेलं म्हणून मार, वेळ गेला म्हणून मार, आणि रडलीस म्हणून वेगळा मार. पाय फुटले तेव्हा त्यानं तिला सकाळच्या गार वाफ्यात घोट्यापर्यंत उभं केलं, कातडी घट्ट होते म्हणे. ती ओठ दाबून उभी राहायची आणि मी बांधावर बसून तिच्याकडे बघत राहायचे, कारण तिनं मला सांगितलं होतं की तू बघत असलीस की मला ओरडता येत नाही. सकाळी तो कोंबडीचं अंडं फोडून कच्चंच तिच्या तोंडात ओतायचा. ओकली तर दुसरं आणायचा. मला अंडं मिळत नसे आणि मी त्यासाठी तिचा मत्सर करायचे. अमावास्या-पुनवेला मोठं भरतं यायचं, काम बंद असायचं. त्या दिवशी आबा मला उचलून तिच्या पाठीवर बसवायचा आणि म्हणायचा, "आता ही टोपली." मला फार मजा वाटायची. मी टाचा मारायचे, बैलाला मारतात तशा. ती पळायची.

आणि राशीला पोचलं की आबाची हाक. ही हाक मिठागरावर वाढलेल्यांच्याच कानात असेल, म्हणून ती नीट सांगते. टोपली घेऊन धावत येणारा माणूस राशीवर आदळून चालत नाही, मीठ उधळतं. म्हणून राशीवरचा मुकादम अंतर बघून ओरडतो, "ओत." ते ऐकलं की वाहणाऱ्याची पावलं आपोआप आखूड होतात, शेवटच्या दोन-चार पावलांत वेग मोडतो, मान खाली जाते, टोपली रिती होते आणि अंग वळतं, पुढच्या खेपेला. हे कुणी ठरवून करत नाही. झोपेत कानाशी 'ओत' म्हटलं तरी आमच्या गावच्या बायकांच्या माना लवतील. आबानं यमूबायला तीन महिने ह्या हाकेवर थांबवलं. शंभर मीटर पळून पुढं जायचं असतं, रेषा ओलांडेपर्यंत पाय मोडायचा नसतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही... किंवा आलं. ह्या दोन शब्दांच्या मधे मी पन्नासेक वर्षं राहिले आहे.

शर्यतीच्या दिवशी तिघं पहाटेच्या एस.टी.नं निघालो. आबानं धुतलेला सदरा घातला होता. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा त्यानं यमूबायला चहा पाजला, मला बशीत ओतून दिला. तो त्या दिवशी मऊ होता, मी खोटं कशाला सांगू. रोह्याला उतरल्यावर पोरीचा हात धरून रस्ता ओलांडला त्यानं. मैदानावर फक्कीनं रेषा आखल्या होत्या, पांढऱ्या, सरळ. यमूबाय बराच वेळ त्या रेषांकडे बघत होती. मला म्हणाली, "केवढी रुंद वाट गो शांते, हितं पडायची भीतीच नाय." बाकीच्या मुलींच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते, एकीच्या अंगावर तर शाळेचं नाव छापलेला बनियन होता. यमूबाय शाळेच्या परकर-पोलक्यात, अनवाणी. एकीनं तिच्या पायांकडे बोट दाखवून मैत्रिणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. यमूबायनं परकर खोचला. सर येऊन तिला म्हणाले, फितीकडे बघ, फितीच्या पलीकडे पळत जायचं, समजलं? ती हो म्हणाली. दोन मास्तरणी शेवटच्या रेषेवर फीत धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं, थोडं बाजूला, आबा. मी त्याचा सदरा धरून.

शिट्टी वाजली आणि यमूबाय सुटली. मी तिला रोज पळताना पाहिलं होतं, पण डोक्यावर ओझं नसलेली यमूबाय मी पहिल्यांदाच पाहत होते. तिचे हात मोकळे होते, त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं, आणि तरी ती अशी आली की बाकीच्या मुली उभ्या आहेत असं वाटावं. अर्ध्या मैदानात तिच्या आसपास कुणी नव्हतं. लोक ओरडायला लागले. सर रेषेबाहेरून तिच्याबरोबर धावत होते. माझ्या हातातला सदरा ताणला गेला, आबा पुढं झुकला होता, त्याच्या तोंडातून तंबाखू सांडत होती. यमूबाय फितीला पोचत आली, तिचे दात मला दिसले, ती हसत होती... आणि आबा ओरडला, "ओत."

पावलं आखूड झाली. मान लवली. फितीच्या हातभर अलीकडे माझी बहीण थांबली, तिनं डोक्यावर नसलेली टोपली रिकामी केली आणि अर्धी वळली. तिच्या दोन्ही बाजूंनी मुली निघून गेल्या, फीत तिच्याच खांद्याला चाटून पडली. ती चौथी आली की पाचवी, ते कुणी बघितलंही नाही. लोक हसले. फार हसले. कुणीतरी म्हणालं की पोरीनं फितीला नमस्कार केला, आणि मग ते सगळीकडे पसरलं. मोठी माणसं, मास्तर, बूटवाल्या मुली, शेंगदाणे विकणारा. यमूबाय तिथंच उभी होती, हात डोक्याशी.

सर धापा टाकत आले. "अगं, थांबलीस का?" ती म्हणाली, "आबानं हाक दिली." सरांना काही समजलं नाही. त्यांनी आबाला विचारलं, काय हाक दिली तुम्ही? आबानं तोंड पुसलं. म्हणाला, "काय नाय सर. घाबारली पोर. इतकी मानसं बघून घाबारली." मी सदरा धरून शेजारी उभी होते. यमूबायनं आबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आबा म्हणाला, "चला, यष्टी चुकंल."

परतताना नागोठण्याला त्यानं आम्हाला बटाटेवडा घेऊन दिला. माझा मी खाल्ला. तिचाही मीच खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी दोन टोपल्या होत्या, एक आबाची आणि एक नवी, लहान नव्हे, पुऱ्या मापाची. सर आठवड्याभरानं पुन्हा सायकल हाणत आले, म्हणाले पुढच्या वर्षी नाव घालू, चूक होते माणसाकडून. आबा शांतपणे म्हणाला, "तुमच्याच म्होरं बोली झाली व्हती." सरांनी यमूबाय कुठं आहे असं विचारलं. ती वाफ्यावर होती. पुढं कित्येक वर्षं गावची पोरं ती रस्त्यानं जाताना मागून 'ओत' म्हणून ओरडायची आणि तिची मान जरा लवली की टाळ्या पिटायची. ती लवायचीच. कानाचं आणि मानेचं ते तिच्या हातात नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते खरंच थोडक्यात आहे. मी शिकले. एका टोपलीवर घर चाललं, दुसरीवर माझी शाळा. मॅट्रिक, मग डी.एड., मग रोहा तालुक्यात नोकरी, लग्न, वरसेला घर. मी शिकत होते तोवर यमूबायचं लग्न ठरवायचं राहिलं, कारण तिची टोपली बंद झाली असती तर माझी फी बंद झाली असती. माझं शिकून झालं तोवर तिचं वय झालं. एक कोलाडचा बिजवर आला होता, आबानं त्याला चहाही दिला नाही. मिठागर बंद पडलं, खारं पाणी आत घ्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा ती पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जायला लागली. मूर्तींना पॉलिश पेपर मारायचं काम. नाकातोंडात पांढरी धूळ घेऊन यायची. मी दर दिवाळीला साडी घेऊन जायचे, ती ती साडी जपून ट्रंकेत ठेवायची आणि पुढच्या दिवाळीला तीच नेसून मला दाखवायची.

आमच्या शेजारची रखमाकाकी स्पष्ट बोलणारी होती. ती मला एकदा विहिरीवर म्हणाली, "तुझ्या बापसाला हात पायजे व्हते गो. पाय नव्हं. पोरीचे पाय घेऊन त्यो काय करनार व्हता?" गावात बऱ्याच जणांचं हेच मत होतं की मुकादम मुद्दाम ओरडला. बोली मोडता येत नव्हती, म्हणून जिंकणारी मोडली. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. कधी वाटायचं, असं नसेल. माणूस आनंदानं बेभान झाला की तोंडातून तेच निघतं जे रोज निघतं, आणि आबाच्या तोंडातून दिवसाला शेकडो वेळा तेवढा एकच शब्द निघायचा. पण मग तो सरांशी खोटं का बोलला? चूक झाली म्हणायला त्याला काय झालं होतं? आणि खरं सांगायचं तर, तो दुष्ट होता असं म्हणणं मला बरं पडायचं. दुष्टपणाला निदान काही हेतू असतो. नुसत्या सवयीनं कुणाचा जन्म वाया गेला असेल तर त्याचा राग कुणावर काढायचा...

यमूबायनं तो काढला नाही असं मात्र समजू नका. शेवटच्या दोन वर्षांत आबाचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. ज्या माणसानं आयुष्यभर मिठाचे डोंगर रचले, त्याच्या पेजेत चिमूटभर मीठ नाही. तो हातापाया पडायचा, शिव्या द्यायचा, वैरीण म्हणायचा. यमूबायनं मिठाची बरणी फळीवर ठेवली होती, त्याच्या खाटेच्या बरोबर समोर, हात पोचणार नाही आणि नजर पोचेल अशी. मी एकदा ती हलवायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बघूं दे त्याला." शेवटी शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, आता काय मागतील ते द्या. तिनं नाही दिलं. पण त्याचं हगणं-मुतणं तिनं काढलं, त्याची पाठ एकदाही चिघळू दिली नाही, आणि तो तिच्या हातूनच जेवायचा. मी गेले की तोंड फिरवायचा. दोघांचं काय होतं ते मला कधी उमगलं नाही. मी पाहुणी होते.

तेराव्याची माणसं गेली त्या संध्याकाळी आम्ही दोघीच उरलो. आमच्या घराला पुढचं एकच दार आहे, आणि आबाची म्हातारपणातली एक खोड होती. अंथरूण धरेपर्यंत तो उंबऱ्याशी पाठ टेकून, पाय दाराच्या वाटेत लांब पसरून बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं "आबा, पाय घे" म्हणायचं आणि त्यानं घ्यायचे नाहीत. पसरलेले पाय ओलांडू नयेत म्हणून माणसं ताटकळत, तेव्हा कुठं तो सावकाश एक पाय घ्यायचा, मग दुसरा. त्या संध्याकाळी यमूबाय तिथंच बसली होती, तशीच, पाय पसरून. मी आतल्या बाजूला पाट घेऊन बसले आणि जे आजवर विचारलं नव्हतं ते विचारलं. तू त्याला कधी विचारलंस का, तो मुद्दाम ओरडला का म्हणून?

"इचारलं ना," ती म्हणाली. "श्रावनात."

आबाचं डोकं तेव्हा अगदी साफ होतं, हे तिनं मला आधी बजावून सांगितलं. कुठल्या उधाणाला कुठल्या उघाडीची फळी फुटली, कुणी कुणाच्या बांधावरून मासे नेले, सगळं त्याला तोंडपाठ होतं. दुपारची वेळ होती, ती त्याची नखं कापत होती. तिनं विचारलं, आबा, रोह्याला शर्यतीत तू मुद्दाम हाक दिलीस काय? तो विचारात पडला. रोह्याला कंदी, म्हणाला. तिनं आठवण करून दिली, सर, फीत, नागोठण्याचा चहा. तेव्हा त्याचा चेहरा उजळला. तिनं मला त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"ती शांता ना? शांता पळाली व्हती. पयली आली माझी पोर. म्हनून तं शाळंत गेली, मास्तरीन झाली. बोलीच तशी व्हती."

यमूबायनं त्याला विचारलं, "मंग मी कुठं व्हते?"

"तू व्हतीस की राशीवं," आबा म्हणाला.

मी आयुष्यात कधी पळाले नाही. बस निघून गेली तरी मी पळत नाही. इतक्या वर्षांत मला आबाचा पहिल्यांदाच एवढा संताप आला, आणि तो नाक्यावरच्या फ्लेक्सवर फेटा बांधून हसत होता. मी तिला विचारलं, मग तू काय म्हणालीस त्याला?

"काय म्हननार? एका हाताची नखं ऱ्हायली व्हती. ती कापली."

अंधारायला लागलं होतं. ती समोरच्या सुकलेल्या वाफ्यांकडे बघत होती, तिथं आता नुसती झुडपं माजली आहेत. मला तिच्यासमोर बसवेना. अंगणातल्या पिंपाकडे जाऊन तोंड धुवावं म्हणून मी उठले. दारात तिचे पाय होते, काळे, भेगाळलेले, घोट्याशी अजून तुकतुकीत.

"बाय, पाय घे," मी म्हटलं.

तिनं घेतले नाहीत. मी थोडी थांबले. मग साडी उचलली आणि तिचे पाय ओलांडून बाहेर गेले.